उन्हाळ्यात कूलंट उडतं का?

आतेभावाची गाडी दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव, पाण्यात मिसळतात ते) प्यायची. गॅरेजवाला म्हणे, "उन्हाळ्यात उडतंच, टॉप-अप करत राहा." मग एप्रिलात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बोनेटखालून वाफ निघाली आणि साहेबांना माझी आठवण झाली. अहो, कूलिंग सिस्टीम बंद असते, माठ नाही तो पाझरायला. पातळी सारखी खाली जातेय म्हणजे ते कुठेतरी जातंय, बाहेर नाहीतर इंजिनात.

आणि लीक म्हणजे फक्त पाणी कमी होणं असं लोकांना वाटतं, पण खरी भानगड त्याच्या आधीच होते, प्रेशरची. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, ती साधारण 1 बारपर्यंत प्रेशर धरून ठेवते (गाडीप्रमाणे आकडा बदलतो, झाकणावर छापलेला असतो), म्हणजे जवळपास कुकरइतकंच. उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळतं, या प्रेशरला 120 ला, आणि कूलंट मिसळलेलं असेल तर अजून वर. आता होजच्या (रबरी नळीच्या) क्लिपपाशी केसाएवढी फट आहे समजा. खाली थेंबही दिसणार नाही कदाचित, पण प्रेशर बनतच नाही. घाटात दुसऱ्या गियरवर हेडमधल्या (इंजिनच्या वरच्या भागातल्या) एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ, म्हणजे जळालेला वायू बाहेर पडतो तिथे, बुडबुडे सुटतात, त्यांचा थर धातूला चिकटतो, वाफ उष्णता नीट ओढत नाही म्हणून धातू अजून तापतो, म्हणून अजून वाफ, आणि ती वाफ उरलंसुरलं कूलंट बाहेर ढकलते. त्यात सेन्सर कोरडा पडला तर टेंपरेचरचा काटा चक्क खाली येऊ शकतो, आणि आपण खूश की गाडी थंड झाली!

गरम झाकण उघडू नका म्हणतात ते याचसाठी. 120 अंशांच्या एक लिटर पाण्यावरचं प्रेशर एकदम गेलं तर त्यातलं साधारण 37 ग्रॅम तिथल्या तिथे वाफ होतं. ऐकायला किरकोळ, पण ती वाफ साठेक लिटर जागा मागते आणि समोर तुमचं तोंड असतं.

रेडिएटरात हळद टाकायची जुन्या ड्रायव्हर मंडळींची युक्ती आहे. बारीक भोक बुजतं कधीकधी, पण सोबत रेडिएटरच्या नळ्याही बुजतात, बाटलीतल्या लीक-बंद औषधांचाही तोच धोका. बंपरची लिंबू-मिरची बरी, ती निदान नळ्यांत शिरत नाही.

तपासायचं कसं, तर इंजिन पूर्ण थंड हवं, कारण गरम धातूवर थेंब पडायच्या आत वाळतो. झाकणाच्या जागी गेजवाला हातपंप लावून झाकणावरच्या आकड्यापर्यंतच हवा भरायची आणि 10-15 मिनिटं थांबायचं. काटा पडला की टॉर्च घेऊन होजची टोकं बघा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड बघा, वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा (ते मुद्दामच ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून गळावं म्हणून). केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर गळती केबिनच्या हीटरमध्ये. बाहेर सगळं कोरडं आणि तरी काटा पडतोय, तर हेड गॅसकेटचा (हेड आणि खालच्या इंजिनमधल्या सीलचा) संशय घ्यायचा. त्यासाठी एक निळं द्रव मिळतं, चालू इंजिनच्या रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड येत असेल तर ते पिवळं होतं.

आतेभावाच्या गाडीत पंधरा मिनिटं काटा हललाच नाही. मी जरा खजील झालो. मग झाकणच ॲडॉप्टरवर (पंपाला जोडायच्या तुकड्यावर) बसवून पंप मारला तर फुस्स, रबर चिरलेलं! प्रेशर तिथूनच सुटत होतं. म्हणजे गॅरेजवाल्याचं तसं खरंच होतं, कूलंट उडत होतं, फक्त उन्हाळ्याचा संबंध नव्हता.