फ्रीटाऊन आणि मन्रोव्हिया: जहाजं सारखी, पण धाडणारे वेगळे

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएरा लिओन आणि लायबेरिया हे देश एकमेकांना लागून आहेत. दोन्हींबद्दल ‘अमेरिकेतून सुटलेल्या गुलामांनी वसवलेला देश’ असं एका दमात सांगितलं जातं. त्यांना तिकडे कोणी आणि कशासाठी नेलं, हे मात्र त्यात हरवतं.

हॅरी वॉशिंग्टनचंच पाहा. हा जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्यावरचा गुलाम. मालक स्वातंत्र्यासाठी लढत असताना, 1776 मध्ये, तो पळून इंग्रजांना जाऊन मिळाला. इंग्रज युद्ध हरले आणि अशा हजारोंना त्यांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात नेलं. तिथे कडाक्याची थंडी आणि वचन दिलेली जमीन पुरेशी मिळेना. शेवटी 1792 मध्ये सुमारे 1,200 जणांनी आफ्रिका गाठली आणि आज सिएरा लिओनची राजधानी असलेलं फ्रीटाऊन वसलं. हॅरी त्यांच्यातच होता. पुढे वसाहत चालवणाऱ्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा लावला. 1800 मध्ये बंड झालं आणि हॅरी हद्दपार झाला. म्हणजे ही माणसं अमेरिकेपासून पळालेली, आणि त्यांच्या डोक्यावरचं साम्राज्य ब्रिटिश. 1808 मध्ये तर सिएरा लिओन थेट ब्रिटिश राजाची वसाहत झाली.

लायबेरियामागे अमेरिकाच होती. स्वतंत्र काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवण्यासाठी 1816 मध्ये वॉशिंग्टन शहरात स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटीत गुलामगिरी नकोशी असलेले गोरे होते, तसे स्वतंत्र काळी माणसं आसपास नकोत म्हणणारे गुलामांचे मालकही होते. पुढच्याच जानेवारीत फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे 3,000 काळ्या लोकांनी एकत्र येऊन या बेताला ठाम नकार दिला. तरी हजारो गेले. त्यांना भोळे ठरवणं मला पटत नाही. कित्येकांना ‘आफ्रिकेला जाणार असशील तरच सुटका’ या अटीवरच मोकळं केलं होतं.

जमीन कशी मिळाली? 1821 मध्ये अमेरिकी नौदलाचा अधिकारी रॉबर्ट स्टॉकटन याने स्थानिक राजांशी सौदा केला. मोबदल्यात बंदुका, बारूद, तंबाखू, मणी, लोखंडी भांडी, छत्र्या. बोलणी अडली तेव्हा त्याने पिस्तूल रोखलं होतं, असं सांगतात. राजधानी मन्रोव्हियाला नाव मिळालं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मन्रो यांचं.

1847 मध्ये वसाहतीने स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटनने लवकर मान्यता दिली. अमेरिकेने थेट 1862 मध्ये, कारण काळा राजदूत वॉशिंग्टनमध्ये येणं दक्षिणेतल्या राज्यांना सोसणारं नव्हतं. इकडे सत्ता आली अमेरिकेतून आलेल्या मूठभर कुटुंबांकडे. आधीपासून तिथे राहणाऱ्या क्रू, ग्रेबो, क्पेल्ले लोकांना नागरिकत्व मिळायला 1904 उजाडलं.