सहा निऑन, एक एंजल आणि इंदूरचं पाणी

भाच्याच्या वाढदिवसाला ताईने दोन फुटी फिश टँक घेतला आणि त्याच संध्याकाळी दुकानदाराने तिच्या गळ्यात काय काय मारलं बघा: दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा, एक एंजल, चार टायगर बार्ब, एक फायटर आणि "ये टंकी साफ कर देगा" म्हणून एक काळा सकर. ताईने विचारलं होतं की हे सगळे एकत्र राहतील ना, तर तो म्हणाला, "अरे दीदी, सब चल जाएंगे." आता इंदूरात अर्धं शहर "चल जाएगा" वरच चालतं, त्यामुळे तिलाही पटलं.

भाचा रोज शाळेत जायच्या आधी निऑन मोजायचा. सहा, सहा, पाच, तीन. ताईला वाटलं फिल्टरमध्ये ओढले गेले असतील, फिल्टर उघडला तर त्यात नुसता फुगलेला दाणा. मी शनिवारी लोकमान्य नगरात तिच्याकडे मुक्कामाला होतो, रात्री सगळे दिवे बंद केले आणि तासाभराने टॉर्च मारला. एंजल कोपऱ्यात अगदी शांत उभा, आणि त्याच्या तोंडातून निऑनचं मागचं लाल टोक बाहेर आलेलं, अजून थोडं हलत होतं. भाचा झोपला होता ते बरं.

यात एंजलचा काही दोष नाही हो. अमेझॉनच्या पाण्यात तो पाणवनस्पतींच्या देठांमध्ये उभा राहतो, उभं चपटं अंग आणि उभे काळे पट्टे असल्यामुळे दिसतच नाही, आणि समोरून निऑनसारखा बारका मासा गेला की गिळतो. माशाला दात-नखं लावून फाडायची सोय बहुतेक वेळा नसते, तो अख्खा गिळतो, म्हणून "स्वभाव शांत आहे" वगैरे ऐकण्याआधी तोंड केवढं आहे ते बघायचं. ज्याच्या तोंडात मावतो त्याच्याबरोबर ठेवायचा नाही, आणि आज मावत नसला तरी एंजल वाढणार आहे, निऑन तेवढाच राहणार आहे.

फायटरची गोष्ट वेगळी. त्याला कोणी गिळलं नाही, त्याची शेपटी चार दिवसांत जुन्या साडीच्या पदरासारखी चिरफाळली. ते काम टायगर बार्बचं. हे मासे घोळक्यातले, आणि घोळक्यात त्यांची आपसात सतत खेचाखेची चालते, कोण वर कोण खाली ते ठरवायला. आठ-दहा असले तर ते एकमेकांच्याच मागे लागतात. चारच असले आणि समोर लांब झालरवाला, धड पळताही न येणारा फायटर असला की सगळा राग त्याच्यावर. म्हणजे बघा, "कमी आणले तर भांडण कमी" हा आपला हिशोब इथे उलटा पडतो. घोळक्याच्या माशाला एकटं किंवा जोडीने ठेवणं म्हणजे त्याला कायम उघड्यावर उभं करणं, कारण दहा सारख्या माशांत शिकाऱ्याला एकावर नजर धरता येत नाही, एकट्या माशाला ही सोय नाही.

मधमाश्यांचा नाच उलगडल्याबद्दल १९७३ साली नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश, त्यांनीच १९३८ मध्ये दाखवलं होतं की मिनो नावाच्या छोट्या माशाची कातडी जखमी झाली की तिच्यातून एक पदार्थ पाण्यात सुटतो, आणि त्याच्या वासाने बाकीचे घाबरून एकत्र गोळा होतात. कार्प, बार्ब, टेट्रा, डॅनिओ या सगळ्या माशांच्या गोतावळ्यात हा प्रकार आढळतो. मग ताईचे उरलेले निऑन मागच्या झाडाआडून बाहेर का येत नव्हते ते कळतं.

पण दुसऱ्या आठवड्यात जे मेले ते मारामारीने नाही. एक गोल्डफिश आणि दोन निऑन सकाळी वर तरंगत होते, अंगावर ओरखडा नाही. इथे खरा मामला पाण्याचा होता, आणि एकत्र राहणं हा शब्द मला तरी आधी पाण्यासाठी वापरायला आवडतो, स्वभाव नंतर.

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतंय, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसून, मोठा चढ चढवून आणलेलं. पण बऱ्याच कॉलन्यांत ते दिवसाआड, मधल्या वेळी बोरिंग, आणि बोरिंगचं पाणी कसं असतं ते गीझरच्या कॉइलवरच्या पांढऱ्या थराला विचारा. ताईच्या टँकमध्ये बोरिंगचंच होतं, पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधलं, त्याखाली आंबट) पट्टीवर आठच्या थोडं वर. निऑन मूळचे मऊ, आंबटसर, चहासारख्या रंगाच्या पाण्यातले. फार्मवर वाढलेले बरंच सोसतात हे खरं, पण सोसणं वेगळं आणि राहणं वेगळं. गप्पी आणि मॉलीला मात्र असं जड पाणी मानवतं.

आणि आता अमोनिया. मासे लघवीपेक्षा कल्ल्यांतून जास्त अमोनिया सोडतात. टँकमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, पण ही जीवाणूंची वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात, ताईच्या टँकला चार-सहा तास मिळाले होते. त्यात गंमत अशी की पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक अमोनियम, जे फारसं त्रास देत नाही, आणि एक मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. पाणी २५ डिग्री आणि पीएच ७ असेल तर एकूण मालातला अर्धा टक्काच मोकळा असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. तेवढेच मासे, तेवढंच खाणं, तेवढीच घाण, आणि बोरिंगच्या पाण्यात विष दहापट! दुकानात नर्मदेच्या पाण्यात, मुरलेल्या फिल्टरवर, तोच मासा टुणटुणीत असतो, म्हणून दुकानदार खोटं बोलतो असंही नाही.

घाण करण्यात गोल्डफिशचा नंबर पहिला. त्याला पोटाची पिशवीच नसते, खाल्लं की सरळ आतड्यात, त्यामुळे दिवसभर खातो आणि दिवसभर काढतो. वरून त्याला १८ ते २२ डिग्रीचं थंड पाणी आवडतं, फायटरला पंचवीसच्या पुढचं. दोघांना एका हीटरवर कसं ठेवणार? इंदूरची डिसेंबरातली रात्र गोल्डफिशची आणि मे महिना फायटरचा, अशी वाटणी होत नाही.

किती मासे मावतील याचा एक जुना हिशोब लोक सांगतात, गॅलनला एक इंच मासा, म्हणजे पावणेचार लिटरला इंचभर. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे ५६ लिटर, वाळू-दगड आणि वर सोडलेली जागा वजा करून ४५ धरा, तर बारा इंच मासा आला. आता बारा इंच म्हणजे इंचाचे बारा डॅनिओ की बारा इंचाचा एक सकर? लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं, कारण मासा लांबीबरोबर रुंदीत आणि उंचीतही वाढतो. हा हिशोब बोटाएवढ्या माशांपुरताच ठीक आहे, त्यापुढे तो सोडून द्यावा.

शेवटी आम्ही एंजल आणि बार्ब परत दिले, गोल्डफिश एका ओळखीच्यांच्या मोठ्या टँकमध्ये गेला, निऑन उरलेच नाहीत, फायटरला वेगळी छोटी पेटी केली, तिथे त्याची शेपटी हळूहळू भरून येतेय. मग जीवाणूंची वस्ती जमावी म्हणून महिनाभर ताईचा टँक चिमूटभर दाण्यावर रिकामा चालवला (भाचा रोज विचारायचा, मामा, पाण्याला खायला का घालतोस?) आणि त्यानंतर आठ झेब्रा डॅनिओ आणले. हा मासा आपल्याकडचाच, ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत राहणारा, फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांत त्याची नोंद केली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात. थंडी-गरमी, जड पाणी, सगळं झेलतो, फक्त झाकण घट्ट हवं, उड्या मारतो. तळाला पाच कोरिडोरास सोडले, ते खाली वाळू फुंकत बसतात, हे वर पळतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. गप्पी घेणार असाल तर नुसते नर घ्या, कारण मादी नराचं बीज महिनोन् महिने साठवून ठेवते आणि एकटी आणली तरी पिल्लं घालत राहते.

राहिला सकर. टंकी साफ करेल म्हणून आणलेला, आणि टँकमधली सगळ्यात जास्त घाण त्याचीच. शेजारचे काका म्हणाले, इथल्याच सिरपूरच्या तलावात सोडून दे, पुण्य लागेल. काका, सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे, आणि हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा तळ्यांच्या काठात बिळं खणून अंडी घालतो, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तो आधीच घुसलाय. म्हणून सध्या तो ताईच्या मागच्या खोलीत, मोठ्या टबात, हीटरसकट. आत्ता वीतभर आहे, दीड फुटापर्यंत जाईल. भाच्याने त्याचं नाव दीदी ठेवलंय.