५३७ मतांच्या मागचा इतिहास

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत पुरोगामी मते फुटली की २००० सालच्या फ्लोरिडाचे नाव हमखास निघते. पण मनापासून पटणाऱ्या तिसऱ्या उमेदवाराला मत द्यावे की जिंकू शकणाऱ्या दोघांतल्या कमी वाईटाला, हा पेच त्याहून दीडशे वर्षे जुना आहे. १८४४ मध्ये टेक्सास संघराज्यात घ्यायला निघालेले जेम्स पोक आणि त्या प्रश्नावर चाचरणारे, स्वतः गुलाम बाळगणारे हेन्री क्ले यांच्यापैकी एकाची निवड करणे अनेक गुलामगिरीविरोधकांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटेना. त्यांनी लिबर्टी पार्टीच्या जेम्स बर्नी यांना मत दिले. न्यूयॉर्कमध्ये पोक जेमतेम ५,१०० मतांनी पुढे राहिले, तर बर्नी यांना १५ हजारांहून अधिक मते पडली. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या निर्वाचक मतांच्या बहुमताने; न्यूयॉर्कच्या ३६ निर्वाचक मतांनी पोक अध्यक्ष झाले आणि १८४५ मध्ये टेक्सास गुलामगिरी कायम ठेवूनच संघराज्यात आले. तरीही ती मते वाया गेली असे मला म्हणवत नाही, कारण हाच प्रवाह १८४८ च्या फ्री सॉइल पार्टीतून वाहत १८५४ च्या रिपब्लिकन पक्षाला आणि पुढे लिंकन यांच्या विजयाला जाऊन मिळाला.

पेचाचे मूळ नियमांत आहे. बहुतेक राज्यांत एका मताने पुढे असलेला उमेदवारही सगळी निर्वाचक मते घेऊन जातो आणि मतदानाची दुसरी फेरी होत नाही.

२००० मध्ये ग्राहकहक्कांसाठी आयुष्यभर लढलेले राल्फ नेडर ग्रीन पार्टीतर्फे उभे राहिले. दोन्ही मोठे पक्ष बड्या कंपन्यांच्या मुठीत आहेत, असे ते सांगत होते, आणि ५ टक्के मते मिळवून पुढच्या निवडणुकीसाठी पक्षाला सरकारी निधी मिळवून द्यावा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. मिळाली पावणेतीन टक्के. फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांच्यापुढे ५३७ मतांनी जिंकले आणि त्या बळावर अध्यक्ष झाले. तिथे नेडर यांची मते होती ९७,४८८. न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याची अवघी ४ निर्वाचक मते मिळाली असती, तरी गोर यांचे फ्लोरिडावाचून अडले नसते. तिथेही नेडर यांची मते बुश यांच्या आघाडीच्या तिप्पट होती.

नेडर यांचा प्रत्येक मतदार गोर यांचाच होता, असे धरणे अन्यायाचे आहे. कित्येक जण एरवी घरीच बसले असते. शिवाय फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीत (जिल्ह्यात) मतपत्रिकेच्या दोन्ही बाजूंना नावे आणि मधोमध मत नोंदवण्याची छिद्रे होती. डावीकडे गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे छिद्र तिसरे. दुसरे छिद्र उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन या आणखी एका उमेदवाराचे. तिथे ब्युकॅनन यांना ३,४०० हून अधिक मते पडली; त्यांतली बरीच गोर यांची, चुकून तिकडे गेलेली, असे मानले जाते. मात्र नेडर यांच्या ९७ हजारांतून गोर यांच्या मतांत सहाशेची निव्वळ भर पडली असती, तरी निकाल फिरला असता, हे गणित नाकारता येत नाही.

२०१६ मध्ये मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले, ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मते मिळाली, आणि तोच वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी मेन राज्यातील मतदारांनी पसंतीक्रमाच्या मतदानाला कौल दिला. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाल्यास मत दुसऱ्या पसंतीकडे वळते, अशी मतपत्रिका तिथे अध्यक्षपदासाठी २०२० मध्ये प्रथमच मतदारांच्या हाती आली.