रात्रीचं रक्त आणि सुजलेला पाय

भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत बायांना थंडी वाजून ताप भरतो, जांघेत गाठ येते, पाय लाल होऊन ठणकतो. घरचे म्हणतात, ‘अवधान आलं.’ चार-पाच दिवसांत उतरतं आणि बाई परत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. आमच्या मामींचं असं तीन पावसाळे चाललं. चौथ्या वर्षी ताप गेला, घोट्यावरची सूज राहिली. उजव्या चपलेचा पट्टा मोच्याकडून वाढवून आणला, तेव्हा कुठे ‘हत्तीपाय’ हा शब्द घरात निघाला, तोही हळू आवाजात. पुढे कितीतरी आठवड्यांनी रात्री साडेनऊला आरोग्य कर्मचारी आले, बोट टोचून काचपट्टीवर तीन थेंब घेऊन गेले. निरोप आला: काही निघालं नाही. पाय मात्र सुजलेलाच.

रात्रीच का, या कोड्याचं मूळ दीडशे वर्षांपूर्वीचं. 1872 मध्ये कलकत्त्यात लुईस या डॉक्टरांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म जंतू, म्हणजे बारीक कृमींची पिल्लं, दिसली. 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी तेच जंतू डासाच्या अंगात वाढताना पाहिले. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की हे जंतू दिवसा बाहेरच्या रक्तातून जवळपास नाहीसे होतात आणि रात्री परततात. दिवसा त्यांचा मुक्काम फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत. आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, म्हणजे दोघांच्या वेळा जुळलेल्या.

1955 मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो या रात्रीच्या रक्तावरच उभा राहिला. गावात किती जणांच्या अंगात जंतू आहेत हे मोजायला ही पद्धत चांगली. पण प्रौढ जंतू लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, पाच-आठ वर्षं राहून त्या बिघडवतात. रक्तात पिल्लं फिरत असतात तेव्हा माणूस बहुधा धडधाकट दिसतो, आणि पाय सुजतो तोवर रक्त अनेकदा रिकामं झालेलं असतं. म्हणून ‘निल’ रिपोर्टचा अर्थ रोग नाही, असा होत नाही. अशा वेळी पाय बघून आणि जुनी हकीकत विचारूनच निदान करावं लागतं. मामींना हे कुणी समजावून सांगितलं नाही, राग आहे तो याचा.

या अडचणीवर विदर्भातच बरंच काम झालं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या चमूने रक्तातली प्रतिपिंडं (जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेले पदार्थ) आणि प्रतिजनं (जंतूंचेच अंश) शोधून हत्तीरोग ओळखण्याच्या चाचण्यांवर अनेक वर्षं घालवली. पुढे जगभर प्रतिजन ओळखणारी कार्डं आली, त्यांना रात्रीची अट नाही. पण जंतू मरून नुसती सूज मागे उरली असेल, तर कार्डही गप्प बसू शकतं.

2004 पासून गावोगावी वर्षातून एकदा सगळ्यांना हत्तीरोगाच्या गोळ्या देणं सुरू झालं आणि जानेवारी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधांचा डोस आला. ‘मले का झालं, मी कायले खाऊ?’ हा प्रश्न दारोदार. ज्यांच्या अंगात जंतू असतात त्यांना गोळीनंतर ते मरताना ताप, डोकेदुखी होते, आणि गावात बोभाटा होतो की औषधच वाईट. रात्रीच्या थेंबाने जे सांगितलं असतं तेच हा ताप सांगत असतो, पण ऐकतं कोण!

दोष मात्र बांधीच्या चिखलाकडे जातो. सुश्रुतसंहितेतही ‘श्लीपद’ जुनं पाणी साचणाऱ्या ओलसर प्रदेशात होतो असं आहे, तेव्हा ही समजूत काही नवी नाही. पण क्युलेक्सची पैदास घरामागच्या नालीत, शौचालयाच्या टाकीत होते. चिखलाचा हात वेगळा: बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या भेगांतून दुसरेच जिवाणू शिरतात आणि अवधान पुन्हा येतं.

त्यामुळे पाय धुण्यासाठी रिपोर्टची वाट बघायची गरज नसते. साधा साबण, गरम नको, साधंच पाणी, बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी. मामी आता रोज सांजेला पाटावर बसून हे करतात. दोरीवर त्यांचा पांढरा पंचा वेगळा वाळत असतो. नातवाने एकदा त्याने सायकल पुसली, तर घरात रामायण झालं.