साडेपाच तास मागे पडणारं घड्याळ

भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी अँड्रॉइड टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन: "मामा, सकाळचे दहा वाजलेत आणि लॅपटॉप साडेचार दाखवतोय!" ती दुकानात गेली, तर तिथे सांगितलं, दोन सिस्टिम आपसात भांडतात, त्यात मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) गेला.

हा समज फार पसरलाय, आणि तो चूक आहे. अँड्रॉइड-एक्स86 हा प्रकल्प 2009 पासूनचा. मोबाइलचं अँड्रॉइड इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर चालावं म्हणून सुरू झालेला. लॅपटॉप सुरू होताना 'ग्रब' नावाचा छोटा प्रोग्राम विचारतो, कोण हवंय? निवडाल तीच सिस्टिम मेमरीत चढते. दुसरी डिस्कवर नुसती पडून असते. भांडण व्हायला दोघी एका वेळी जाग्या नसतातच.

पण घड्याळ दोघींचं एकच. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, त्याच्या जोरावर लॅपटॉप बंद असतानाही क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरत राहतो. हाच आकडा का? कारण तो 2 चा 15 वा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. मला हे फार सुंदर वाटतं. हे घड्याळ फक्त आकडे मोजतं. ते कुठल्या देशाचे, हे त्याला ठाऊक नसतं.

तो अर्थ सिस्टिम लावते. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते, डॉस या तिच्या आधीच्या जुन्या सिस्टिमच्या काळापासूनची सवय. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स नावाचा गाभा, ते त्याच आकड्यांना जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी समजतं. घड्याळात दहा असले की अँड्रॉइड त्यात भारतीय वेळेचे साडेपाच तास मिळवून दुपारचे साडेतीन दाखवतं. मग इंटरनेटवरून खरी वेळ कळते, आणि ते घड्याळात यूटीसीप्रमाणे साडेचार लिहून ठेवतं. पुढच्या वेळी विंडोज तेच साडेचार जसेच्या तसे वाचते.

विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत सेटिंग्जच्या वहीत, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' (RealTimeIsUniversal) ही नोंद करून तिची किंमत 1 ठेवली की दोघी एकाच भाषेत वेळ वाचतात. भाचीचं काम पाच मिनिटांत झालं. सेल संपला असता तर घड्याळ कुठेही भरकटलं असतं, अगदी जुन्या सालातही गेलं असतं. दर वेळी मोजून साडेपाच तासच मागे पडलं नसतं.