चेहऱ्याची नस जिच्या पोटातून जाते, ती लाळग्रंथी

दात घट्ट आवळा आणि कानाच्या पाळीपुढे बोटं ठेवा. जो टणक स्नायू हाताला लागतो, तो चावण्याचा. त्याच्या मागच्या कडेला, जबड्याचं हाड आणि कानामागून मानेत उतरणारा स्नायू यांच्या मधल्या खोबणीत पॅरोटिड ग्रंथी बसलेली असते. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्यांपैकी ही सर्वांत मोठी, वजनाला साधारण १५ ते ३० ग्रॅम. निरोगी असताना ती बोटांना वेगळी जाणवत नाही.

तिची नळी सुमारे ५ सेंटिमीटर लांब. चावण्याच्या स्नायूवरून ती पुढे येते, गालाचा स्नायू भेदून आत वळते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. तिथे जीभ फिरवली, तर बारीकसा उंचवटा लागतो. ही नळी १६६० साली ॲम्स्टरडॅममध्ये निल्स स्टेन्सन या तरुण डॅनिश विद्यार्थ्यानं मेंढीचं डोकं कापताना शोधली. यजमान प्राध्यापक जेरार्ड ब्लासियस यांनी शोधाचं श्रेय स्वतःकडे घेतल्यानं मोठा वाद झाला, पण नाव टिकलं ते स्टेन्सनचंच. खडकांचे थर कसे साचत जातात याचे नियम १६६९ मध्ये मांडणारा स्टेनो तो हाच.

पॅरोटिडची लाळ पातळ असते आणि तिच्यात स्टार्च फोडणारं अमायलेज भरपूर असतं. एरवी तोंड ओलं ठेवण्याचं बरंचसं काम जबड्याखालच्या ग्रंथी करतात. घास चावायला लागलो किंवा चिंच जिभेवर ठेवली, की पॅरोटिडचा वाटा झपाट्यानं वाढतो. गालफुगीत आंबट खाल्लं की कळ येते, ती यामुळेच. ग्रंथीभोवतीचं आवरण घट्ट असतं, सुजेला पसरायला जागा नसते आणि त्यात लाळेचा जोर वाढतो. सूज वाढली की कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते.

मला या ग्रंथीत सर्वांत विलक्षण वाटते ती तिच्यातून जाणारी नस. मेंदूकडून येणारी सातवी नस कवटीतून कानाखाली बाहेर पडते, थेट या ग्रंथीत शिरते आणि आतच तिला पाच मुख्य शाखा फुटतात: कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, खालच्या ओठाकडे आणि मानेकडे. पापणी मिटणं, हसणं, शीळ घालणं या सगळ्याच्या आज्ञा या ग्रंथीतून जातात. आणि तरीही ही नस ग्रंथीला काहीच देत नाही! लाळ सोडण्याचा संदेश येतो तो नवव्या नसेकडून, वेगळ्या वाटेनं.

म्हणून इथली शस्त्रक्रिया अवघड. पॅरोटिडमधल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. त्यातली नेहमी आढळणारी गाठ वर्षानुवर्षं न दुखता हळूहळू वाढते, आणि दुखत नाही म्हणून लोक ती अंगावर काढतात. तसं करू नये, कारण पुढे तिचं कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. नुसती गाठ सोलून काढली, तर मागे राहिलेल्या पेशींतून ती पुन्हा येते. त्यामुळे सर्जन आधी नस शोधतात, तिच्या शाखा जपत पुढे सरकतात आणि भोवतालच्या निरोगी भागासह गाठ काढतात. गाठीसोबत चेहरा एका बाजूला ओघळला असेल, तर कर्करोगाचा संशय बळावतो. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तातडीनं जावं.

शस्त्रक्रियेनंतर काहींना महिन्यांनी एक चमत्कारिक त्रास सुरू होतो: जेवताना कानापुढच्या गालावर घाम येतो आणि त्वचा लाल होते. लाळेचा संदेश आणणारे तुटलेले तंतू पुन्हा वाढताना चुकून त्वचेतल्या घर्मग्रंथींना जाऊन मिळतात. पोलंडच्या मेंदूविकारतज्ज्ञ लुच्या फ्राय यांनी १९२३ मध्ये याचं नेमकं वर्णन केलं, म्हणून त्याला फ्राय सिंड्रोम म्हणतात. घाम फार त्रास देऊ लागला, तर त्या जागी बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. काही महिने आराम पडतो, मग ती पुन्हा घ्यावी लागतात.