पुस्तक वाचून दाखवणं आणि पुस्तक घेऊन बोलणं

मुलाला मांडीवर घेऊन कुणी पुस्तक उघडलं की लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. एकात छापलेली ओळ मोठ्यांच्या तोंडून मुलाच्या कानावर पडते. दुसऱ्यात चित्र हे फक्त निमित्त, आणि बोलायची पाळी मुलाकडेही येते. आपण दोन्हीला सरसकट 'वाचून दाखवणं' म्हणतो. मग दीड वर्षाचं मूल तिसऱ्या पानावर उठून पळालं की 'याला पुस्तकाची गोडीच नाही' असं ठरवून मोकळे होतो.

वाचून दाखवण्यातून मिळतात ते शब्द. रोजचं बोलणं 'ये', 'बस', 'नको', 'हात धू' एवढ्यातच फिरतं. पुस्तकात मात्र कोल्हा दबकत येतो, ढग गडगडतात, कासव रेंगाळतं. २०१५ साली संशोधकांनी शंभर इंग्रजी चित्रपुस्तकं तपासली, तेव्हा मुलांशी होणाऱ्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा त्यांत वेगवेगळे शब्द जास्त सापडले. पहिल्या काही महिन्यांत तर हेच चालतं: तान्ह्या बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, त्यामुळे पुस्तकाइतकाच तुमचा चेहराही जवळ हवा, आणि ओळी लयीत म्हणाव्यात. अर्थ नंतर येतो. सहा-सात महिन्यांचं बाळ पुस्तक तोंडात घालतं, तेव्हा जाड पुठ्ठ्याची पानं द्या आणि चघळू द्या.

साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान मूल बोट दाखवायला लागतं. दुसरा प्रकार इथून सुरू होतो, आणि अनेक घरांत तो इथेच राहून जातो. मूल कुत्र्यावर बोट ठेवतं आणि आपण 'थांब, आधी हे ऐक' म्हणत ओळ पुरी करतो. खरं तर त्या क्षणी ओळ सोडून बोटाच्या मागे जायचं असतं: 'भूभू! भूभू पळतोय.' ज्याकडे मुलाचं लक्ष आधीच आहे त्याचं नाव ऐकू आलं, तर ते पटकन जुळतं.

या बोलण्याची एक सोपी साखळी आहे. विचारा, मुलाचं उत्तर उचलून धरा, त्यात एक-दोन शब्द घाला, आणि ते मुलाला म्हणून पाहू द्या. समजा, पाण्यात पडलेल्या मांजरीचं चित्र आहे. 'काय झालं?' विचारून गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. मोठ्यांना हे फार लांब वाटतं, मुलाला शब्द शोधायला तेवढा वेळ लागतोच. मूल म्हणतं, 'माऊ पडला.' 'पडला नाही, पडली म्हण' असं नको. 'हो, माऊ पडली! पाण्यात पडली.' दुरुस्तीही झाली, वाक्यही वाढलं. मग 'कुठे पडली?' मुलानं नुसतं 'पाणी' म्हटलं तरी पुरे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांवर हेच करून पाहिलं. एका गटाच्या पालकांना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं बोलणं वाढवून परत म्हणायला शिकवलं, तर दुसऱ्यांना नेहमीसारखंच वाचत राहायला सांगितलं. महिनाभराने पहिल्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत कित्येक महिने पुढे होती. या पालकांना 'दाखव बरं, बॉल कुठेय?' असे प्रश्न कमी करायला सांगितलं होतं, कारण त्याचं उत्तर बोटानं देऊन भागतं, तोंड उघडावं लागत नाही.

बिघडतं ते इथे. बोलण्याच्या नावाखाली परीक्षा सुरू होते: हे काय? ते काय? रंग कुठला? दोन पानांत दहा प्रश्न आले की मूल पुस्तकच मिटतं, आणि बरोबर करतं. एका पानावर एखादा प्रश्न, बाकी स्वतःच बोला. उलट चूकही होते: पहिल्याच वाचनात प्रत्येक ओळीला थांबलं तर गोष्टीचा धागा तुटतो. म्हणून नवं पुस्तक आधी एक-दोनदा सलग वाचा, ओळखीचं झालं की मुलाला बोलायला मध्येमध्ये जागा सोडायला लागा. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर कंटाळा आपल्याला येतो. मुलाला नवे शब्द पक्के होतात ते त्याच गोष्टीच्या पुनःपुन्हा ऐकण्यातून. झोपताना मात्र सरळ वाचन. तेव्हा प्रश्न विचारले तर झोप उडते.

बटण दाबल्यावर बोलणारं पुस्तक या दोन्हींत बसत नाही. पुस्तक बोलतं, मोठे गप्प राहतात. याउलट अक्षरओळख नसलेली आजी दुसरा प्रकार उत्तम करू शकते, कारण तिला ओळीची गरजच नाही. पुस्तक परक्या भाषेतलं असलं तरी चित्रावर घरच्या भाषेत बोलता येतं.

आपण यातलं कुठलं करतोय हे कळत नसेल, तर फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. मुलाचा आवाज किंवा त्याच्यासाठी सोडलेली शांतता एकदाही आली नसेल, तर उद्या तेच पुस्तक घ्या, त्याच्या आवडीच्या पानावर थांबा आणि पाचपर्यंत मोजा.